पोर्क मुरवताना: गोवा-वसईच्या व्हिनेगर मसाल्यापासून सुरुवात

घरात पहिल्यांदा पोर्क आलं की बहुतेक जण चिकनचीच वाट धरतात. दही, आलं-लसूण, लाल तिखट, वरून गरम मसाला, तासभर फ्रीजमध्ये आणि मग थेट कढईत. खायला वाईट लागत नाही, पण मसाला एकीकडे आणि मांस एकीकडे राहतं. पोर्कमध्ये चरबी भरपूर असते. त्या चरबीला तोडीस तोड आंबटपणा लागतो, मीठ अंदाजाने नाही तर मोजून लागतं आणि मुरायला वेळ लागतो. या तीन गोष्टी सांभाळल्या तर पाच-सहा साध्या मसाल्यांतही उत्तम चव येते. त्या सांभाळल्या नाहीत तर पंचवीस मसाले घालूनही काही हाती लागत नाही.

आपल्याकडे हे सगळ्यांत नीट कळलंय ते गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांना. म्हणून नवशिक्यांनी सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. पोर्तुगालमध्ये मांस वाइन आणि लसणात मुरवून ठेवायची जुनी पद्धत होती. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि ती पद्धत इकडे आली. इथे वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी बाजारात होतीच, आणि विंदालू तयार झालं. वसईतून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने पोर्तुगीज गेले, पण चुलीवरचं व्हिनेगर गेलं नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत याच कुळातलं इंद्याल आजही होतं. या लेखात मुख्य कृती त्याच व्हिनेगर मसाल्याची आहे. तो हाताला बसला की बाकीचे मसाले सोपे जातात, त्यामुळे तेही पुढे दिले आहेत.

आधी मांस निवडा

पोर्क विकणाऱ्या दुकानाला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘कोल्ड स्टोरेज’ म्हणतात. मुंबईत वांद्र्याला, वसईकडे, पुण्यात कॅम्प भागात अशी दुकानं मिळतील. गोव्यात तर म्हापसा, मडगावच्या बाजारात ताजं मांस मिळतं. ताजं पोर्क फिकट गुलाबी ते लालसर, हाताला घट्ट आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. चरबी पांढरी आणि टणक हवी. चरबी पिवळट, चिकट दिसली किंवा मांसाला आंबूस वास आला तर घेऊ नका. व्हिनेगरने तो वास झाकला जाईल, पण मांस सुधारणार नाही.

दुकानात गेल्यावर नुसतं ‘एक किलो पोर्क’ मागू नका, काय करायचंय तेही सांगा. मसाल्यात मुरवून रश्शात शिजवायचं असेल तर खांद्याचा भाग मागा, त्यात थोडी चरबी आणि शक्य असेल तर कातडीही राहू द्या. खांद्याच्या मांसात स्नायूंना जोडणाऱ्या चिवट ऊती जास्त असतात. मंद आचेवर त्या विरघळून रस्सा दाट आणि लुसलुशीत होतो. पोटाकडचा थरांचा भागही चालतो, मात्र त्यात चरबी खूप असते, म्हणून अर्धा खांदा आणि अर्धं पोट असं मिश्रण मला सगळ्यांत आवडतं. पाठीचं मांस, म्हणजे चॉप्स, कमी चरबीचं असतं. ते तव्यावर किंवा ग्रिलवर चटकन करायला चांगलं, पण विंदालूत तासभर शिजवलं तर कोरडं आणि चिवट होतं. बरगड्या भाजायला उत्तम.

रश्शासाठी तुकडे साधारण साडेतीन-चार सेंटीमीटरचे करून घ्या. मसाला मुरावा म्हणून लोक तुकडे बारीक करतात, पण बारीक तुकडा शिजताना आकसतो आणि मांसाला स्वतःची चव उरत नाही.

घरी आल्यावर मांस नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र ओट्यावर सगळीकडे उडतात. कागदी रुमालाने किंवा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ओल्या मांसावर मसाला धरत नाही. वरचं पाणी मसाला पातळ करतं आणि भाजताना रंगही येऊ देत नाही. फ्रोझन मांस असेल तर आदल्या दिवशी फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आणून ठेवा. ओट्यावर ठेवून विरघळवू नका.

मसाल्यातला कोण काय करतो

मसाला लावून ठेवला की तो मांसाच्या गाभ्यापर्यंत जातो असा समज आहे. प्रत्यक्षात खोलवर जातं ते मुख्यतः मीठ. मीठ हळूहळू आत शिरतं, मांसातली प्रथिनं सैल करतं आणि शिजताना मांस आपलं पाणी धरून ठेवतं. लसूण, जिरं, मिरची यांचा स्वाद पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत पोचतो. म्हणजे मुरवलेल्या मांसाची चव हे दोन गोष्टींचं काम आहे: आतपर्यंत गेलेलं मीठ आणि बाहेर घट्ट चिकटलेला दाट मसाला. मिठाशिवाय मसाला लावून रात्रभर ठेवला आणि मीठ शिजताना घातलं तर मुरवण्याचा अर्धा फायदा गेला.

किती मीठ? हाडाशिवायच्या १ किलो मांसाला १२ ते १५ ग्रॅम. घरातल्या छोट्या चमच्यात बारीक मीठ सपाट भरलं तर ५ ते ६ ग्रॅम बसतं, म्हणजे दोन ते अडीच सपाट चमचे. रश्शात कांदा पडणार असेल तर १५ ग्रॅम, नुसतं भाजायचं असेल तर १२ ग्रॅम. वजनकाटा असेल तर वापराच. लोणच्यात जसं मीठ मोजून घालतो तसंच हे आहे.

आंबट पदार्थ चरबीचा जडपणा कापतो आणि मांसाचा वरचा थर मऊ करतो. मात्र आंबट जास्त झालं किंवा फार वेळ राहिलं तर तोच थर भुसभुशीत होतो आणि आतलं मांस कोरडं पडतं. लिंबाचा रस व्हिनेगरपेक्षा बराच जास्त आंबट असतो, म्हणून लिंबाच्या मसाल्यात मांस रात्रभर ठेवू नये. कच्ची पपई आणि अननस यांचं काम वेगळं. त्यांतली विकरं प्रथिनं थेट तोडतात. चिवट मटणाला पपई लावायची सवय असते, पण खांद्याच्या पोर्कला तिची गरज नाही. लावून विसरलात तर मांसाचा लगदा होतो.

तेल मसाल्यात चमचाभर पुरतं. मिरचीचा रंग आणि बऱ्याच मसाल्यांचा सुगंध तेलात उतरतो, एवढंच त्याचं काम. पोर्क स्वतःच चरबी सोडतं, त्यामुळे चिकनच्या सवयीने तेल ओतू नका. साखर किंवा गूळ थोडा हवाच, आंबट-तिखटाची धार त्याने बोथट होते. फक्त ग्रिलवर भाजायचं असेल तर हात आखडता घ्या, कारण साखर मांसाच्या आधी करपते.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको. व्हिनेगर धातूशी लागतं आणि मसाल्याला धातूची चव येते. गोव्यात पूर्वी हे मांस मातीच्या भांड्यात मुरायचं आणि त्यातच शिजायचं.

व्हिनेगर मसाला: पायरी पायरीने

१ किलो मांसासाठी लागणारं साहित्य:

- काश्मिरी सुक्या मिरच्या १२ ते १५
- तिखट हवं असेल तर २-३ लवंगी किंवा गुंटूर मिरच्या
- जिरं १ छोटा चमचा
- काळी मिरी १ छोटा चमचा
- लवंगा ५-६
- दालचिनी बोटाच्या पेराएवढी
- हळद अर्धा छोटा चमचा
- लसूण १ मोठा गड्डा, म्हणजे साधारण १२ ते १५ पाकळ्या
- आलं इंचभर
- माडाचं व्हिनेगर १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी
- गूळ किंवा साखर १ छोटा चमचा
- मीठ १५ ग्रॅम

पहिली पायरी मिरचीची. देठ काढा, मिरची मोडून बिया झटकून टाका. बियांनी वाटण खरबरीत होतं आणि रंगही फिका पडतो. गोव्यात हळदोण्याची किंवा काणकोणकडची खोल मिरची मिळाली तर पहिली पसंती तिला. खोल मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. महाराष्ट्रात काश्मिरी आणि ब्याडगी अर्धी-अर्धी घेतली तर रंग आणि चव दोन्ही साधतात. तयार लाल तिखट घालून हा मसाला करू नये. पूड व्हिनेगरमध्ये फुगते खरी, पण ते दाट, चकचकीत वाटण तिच्यापासून होत नाही.

दुसरी पायरी भिजवण्याची. मिरच्या, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी एका वाडग्यात घ्या आणि वर सगळं व्हिनेगर ओता. मिरच्या तरंगत असतील तर वर छोटी ताटली ठेवून दाबा. अर्धा-पाऊण तास लागतो. मिरचीचं साल बोटांत चुरडून पाहा. ते कागदासारखं फाटायचं थांबून लोण्यासारखं सरकलं की झालं. तोवर व्हिनेगर गडद लाल झालेलं असतं. हेच वाटायला वापरायचं, एक थेंबही टाकायचा नाही. मसाले भाजायची गरज नाही. विंदालूत कच्चे मसाले व्हिनेगरमध्ये वाटतात आणि ते पुढे रश्शात शिजतात. भाजलेल्या मसाल्याची चव वेगळी, ती इथे नको.

तिसरी पायरी वाटण, आणि सगळ्यांत जास्त मेहनत इथेच घ्यायची. भिजलेला ऐवज, लसूण, आलं, हळद, गूळ आणि मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात घाला. पाणी घालायचं नाही. मिक्सर फिरेना तर चमचाभर व्हिनेगर आणखी घाला. पाणी पडलं की आंबटपणा पातळ होतो, मसाला टिकत नाही आणि मांसावर धरतही नाही. भांड्याच्या कडा खरवडत थांबत थांबत वाटा, सलग फिरवलं तर मसाला तापून कडवट होतो. झालंय की नाही हे बघायला थोडं वाटण अंगठा आणि तर्जनीत चोळा. जिऱ्याचा कण लागला तर अजून वाटायचं. तयार वाटण चमच्यातून धार धरून पडत नाही, गोळ्याने सरकतं, आणि त्यावर तुकतुकी दिसते. घरी पाटा-वरवंटा असेल आणि हाताला सवय असेल तर त्यावर वाटलेल्या मसाल्याची सर मिक्सरला येत नाही. पण पाट्याअभावी कुणी विंदालू करायचं टाळू नये.

चौथी पायरी चाखण्याची. मांसाला लागण्याआधीच जिभेवर चिमूटभर वाटण घ्या, नंतर ती संधी नाही. ते जरा जास्तच खारट, आंबट आणि तिखट लागलं पाहिजे, कारण ते एक किलो मांसात वाटलं जाणार आहे. घशाला झोंबून ठसका येत असेल तर व्हिनेगर कडक आहे, आणखी थोडा गूळ घाला.

पाचवी पायरी लावणं. कोरड्या तुकड्यांवर वाटण घालून हाताने चोळा. मिरची हाताला चांगलीच झोंबते, हातमोजे असतील तर घाला. तुकड्याच्या सगळ्या बाजू, चरबीचे थर, कातडीच्या खालची घडी, सगळीकडे मसाला पोचला पाहिजे. मग झाकण लावून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे चुकून रस गळला तरी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आत हवं. बाहेर ओट्यावर मुरवायचं नाही, आपल्या हवेत तर नाहीच. जुन्या घरांत बाहेर ठेवायचे हे खरं, पण तेव्हा व्हिनेगर आणि मीठ आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असायचं.

किती वेळ? १२ तास कमीत कमी, २४ तास उत्तम. या प्रमाणाच्या मसाल्यात दोन दिवसही चालतं. मधे एकदा खाली-वर करा. पहिल्या दोन तासांत डबा उघडला तर व्हिनेगर आणि कच्च्या लसणाचा वास नाकात शिरतो. दुसऱ्या दिवशी तोच वास एकजीव झालेला असतो, जिरं आणि लवंग पुढे येतात, तुकड्यांच्या कडा गडद दिसतात आणि तळाला थोडा लाल रस जमतो. तो रस शिजवताना वापरायचा.

व्हिनेगर कोणतं घ्यावं

माडाचं व्हिनेगर मिळालं तर दुसरं काही घेऊ नका. त्याचा आंबटपणा मवाळ असतो, सुरेचा हलका गोडसर गंध असतो आणि सहसा ते किंचित गढूळ दिसतं. गोव्याहून कुणी येणार असेल तर काजूबरोबर याचीही एक बाटली आणायला सांगा. तीच बाटली अनेक महिने पुरते. ते नसेल तर उसाचं किंवा सफरचंदाचं व्हिनेगर घ्या. किराणा दुकानात मिळणारं पाण्यासारखं स्वच्छ सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड. त्याला आंबट धार असते, स्वाद नसतो. नाइलाज असेल तर तेच वापरा, पण १०० ऐवजी ७० मिलिलिटर घ्या, वर दोन चमचे पाणी आणि थोडा जास्त गूळ. ‘पाणी नको’ या नियमाला एवढाच अपवाद.

शिजवताना

जाड बुडाच्या भांड्यात दोन मोठे चमचे तेल तापवून दोन-तीन कांदे उभे चिरून तांबूस परता. त्यावर मसाल्यासकट मांस घाला. आच मध्यम ठेवून आठ-दहा मिनिटं परतलं की मसाल्याचा कच्चा वास जातो आणि कडेने चरबी सुटू लागते. वाटणाचं भांडं वाटीभर गरम पाण्याने विसळून ते पाणी घाला, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजू द्या. कुकरमध्ये करायचं असेल तर एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं पुरतात. नंतर झाकण काढून रस्सा आटवा. सुरी टोचली की ती सहज आत जावी, मात्र तुकडा मोडू नये.

पोर्क नीट शिजवायचंच, गुलाबी ठेवायच्या फंदात पडू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७१ अंशांवर गेलेलं पाहा. रश्शातलं पोर्क याच्या कितीतरी पुढे जातं, हा आकडा चॉप्स आणि भाजलेल्या तुकड्यांसाठी जास्त कामाचा.

बटाटा घालायचा का? गोव्याच्या घरांत घालत नाहीत आणि मीही घालत नाही. घालायचाच असेल तर आधी वेगळा उकडून घ्या, कारण व्हिनेगरच्या रश्शात कच्चा बटाटा मऊ व्हायला फार वेळ घेतो आणि तोवर मांस जास्त शिजतं.

हे त्याच दिवशी वाढू नका. गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गरम करा. रात्रीत आंबटपणा बसतो आणि मसाला मांसाशी जुळतो. वर साठलेली चरबी जास्त वाटली तर थोडी काढून बाजूला ठेवा. त्या चरबीत परतलेली अंडी किंवा भात करून बघाच. सोबत गोव्यात सान्ना (तांदळाच्या वाफवलेल्या जाळीदार इडल्या) किंवा पाव, आपल्या घरी तांदळाची भाकरी किंवा साधा भात.

बाटली मसाल्याचं कोरडं मुरवण

वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतली दुसरी मोठी ठेव म्हणजे बाटली मसाला. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेच्या उन्हात मसाले वाळवून, भाजून, लाकडी उखळीत कुटून तो वर्षभरासाठी भरला जातो. बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही आणि रंग-वास टिकतो. वीस-पंचवीस जिनसांचा हा मसाला प्रत्येक घराचा वेगळा असतो. विंदालूच्या कच्च्या मसाल्याच्या अगदी उलट चव: भाजलेली, खोल, किंचित धुरकट.

बरगड्यांना किंवा पोटाच्या थरांना तो असा लावा. १ किलोला १२ ग्रॅम मीठ चोळून तासभर ठेवा. सुटलेलं पाणी टिपून घ्या. मग दोन मोठे चमचे बाटली मसाला, एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक चमचा तेल यांचा घट्ट लेप लावून चार ते आठ तास ठेवा. ओव्हनमध्ये १६० अंशांवर झाकून दीड-दोन तास, मग झाकण काढून २२० अंशांवर १५ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत झाकण ठेवून मंद आचेवर आपल्याच चरबीत शिजवा आणि शेवटी आच वाढवून चांगलं खरपूस करा.

कातडीसकट तुकडा असेल आणि ती कुरकुरीत हवी असेल तर लेप फक्त मांसाच्या बाजूला. कातडीला नुसतं मीठ लावून ती बाजू वर ठेवायची आणि फ्रीजमध्ये रात्रभर उघडीच ठेवायची. कातडी कोरडी पडली तरच फुलते.

चॉप्ससाठी हिरवा मसाला

पाठीच्या मांसाला विंदालूचा मसाला जड होतो. तिथे काफ्रियाल पद्धतीचं हिरवं वाटण बसतं. मोझांबिकमार्गे गोव्यात आलेला हा मसाला मूळ चिकनचा, पण पोर्क चॉप्सवरही छान लागतो. मूठभर कोथिंबीर देठांसकट, ४-५ हिरव्या मिरच्या, ८ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, अर्धा चमचा मिरी, ३ लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, अर्धा चमचा जिरं, एका लिंबाचा रस आणि मीठ. लिंबू असल्यामुळे दोन ते चार तासच ठेवा. तव्यावर टाकण्याआधी वरचा मसाला बोटाने निपटून बाजूला ठेवा, नाहीतर तो जळतो आणि मांस कच्चं राहतं. दोन्ही बाजू भाजून झाल्या की तोच मसाला तव्यात घालून थोड्या पाण्यात चांगला उकळवा आणि चॉप्सवर घाला. कच्च्या मांसाला लागलेला मसाला उकळल्याशिवाय कधीही वापरू नये, चटणी म्हणून तर अजिबात नाही. वरून घ्यायला हवा असेल तर आधीच चार चमचे वेगळा काढून ठेवा.

कोकम आणि कचमपुली

व्हिनेगर आवडत नसेल तर कोकणातलं उत्तर हाताशी आहे. गोव्यात सोलं घालून पोर्क करतात, त्याला सोलांतुलें म्हणतात. मांसाला मीठ, हळद, ठेचलेला लसूण-आलं, हिरवी मिरची आणि मिरी लावून दोन तास ठेवायचं आणि शिजताना ८-१० सोलं घालायची. आगळ वापरणार असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, म्हणून मुरवताना मीठ निम्मं घ्या आणि शेवटी चाखून वाढवा.

कर्नाटकातल्या कोडगूची (कूर्गची) पंदी करी, म्हणजे पोर्कचा रस्साही याच नात्यातला. तिथलं कचमपुली हे कोकमाच्या जवळच्या झाडाच्या फळांचा आटवलेला काळा, दाट रस असतो. मांसाला आधी फक्त मीठ, हळद, तिखट लावतात, गडद भाजलेली मसाल्याची पूड आणि कचमपुली शेवटाकडे पडतात. किलोला एक-दोन छोटे चमचे पुरे, ते फार जोरकस असतं.

गोव्याच्या चौरिसचा, म्हणजे सॉसेजचा मसालाही व्हिनेगर, मिरची, लसणाचाच. पावसाळ्याची बेगमी म्हणून, पुरुमेंताच्या दिवसांत, ती माळांनी विकत मिळतात. पण तिथे मांस मुरवून, वाळवून टिकवायचं असतं आणि मीठ, ऊन, दिवस यांची गणितं चुकली तर जीवावर बेतू शकतं. नवशिक्याने चौरिस विकतच आणावीत.

बिघडलं तर

रस्सा फार आंबट झाला तर गूळ घालण्याआधी दहा मिनिटं झाकण काढून उकळवा, व्हिनेगरचा बराचसा उग्रपणा वाफेबरोबर जातो. खारट झाला तर परतलेला कांदा वाढवा आणि उकडलेला बटाटा घालायची हीच वेळ. मांस शिजूनही चिवट लागत असेल तर बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं, वाटीभर गरम पाणी घालून आणखी वीस मिनिटं द्या. रंग विटकरी न होता तपकिरी झाला असेल तर मिरच्या जुन्या होत्या. पुढच्या वेळी घेताना एक मोडून बघा, ताजी सुकी मिरची लवचीक असते आणि आतून लाल असते.

मसाला दुप्पट करून ठेवायला हरकत नाही. पाणी न घालता वाटलेला व्हिनेगर मसाला कोरड्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे राहतो, फक्त दर वेळी कोरडा चमचा घाला. मांसाला लावून थेट फ्रीजरमध्येही ठेवता येतं. पिशवी सपाट पसरून ठेवा, वर तारीख लिहा. करायच्या आदल्या दिवशी सकाळी ती फ्रीजमध्ये खाली आणा. हळूहळू विरघळताना मांस मुरतही राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वेगळं थांबायची गरज नाही, थेट कांदा चिरायला घ्या.